उरलं तर ठेवायचं कुठे? : बोटीवरच्या डबाबंद मांसाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघं मित्र पुढच्या मोसमात अकरा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीतून पहिली मोठी सफर करणार आहोत. सलग तीन आठवडे जमीन दिसणार नाही. बोटीवर लहानसा फ्रीज आहे, पण तो बॅटरीवर चालतो, आणि पहिल्या आठवड्यानंतर त्याच्या भरवशावर राहू नका असं बोटीच्या मालकांनी बजावलंय. चौघंही मांसाहारी आहोत. डबाबंद मांस न्यायचं ठरलं आहे, पण दुकानात डब्यांसमोर उभं राहिलं की गोंधळायला होतं. मोठे डबे स्वस्त पडतात म्हणून अडीच-तीन किलोंचे काही डबे हेरून ठेवले आहेत. कोणतं मांस घ्यावं, किती घ्यावं?

उत्तर : सर्वात आधी ते अडीच-तीन किलोंचे डबे यादीतून काढून टाका. बाकीचं सगळं नंतर.

बंद डबा वर्षानुवर्षं टिकतो, उघडलेला डबा मात्र शिजवलेल्या ताज्या मांसाइतकाच नाजूक असतो. झाकण निघालं त्या क्षणी त्याचं सगळं कवच गेलं. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. तुमचा फ्रीज दहाव्या दिवशी बंद असणार. मग तीन किलोंच्या डब्यातलं उरलेलं दीड किलो कुठे ठेवाल?

हे मी ऐकीव सांगत नाही. बोटींवर स्वयंपाक करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पहिल्या लांबच्या सफरीत आम्ही पाच जण होतो, तेवीस दिवस. मीही काटकसर म्हणून रश्शातल्या बीफचे मोठे डबे घेतले होते. अकराव्या दिवशी संध्याकाळी एक उघडला. समुद्र खवळलेला, दोघांनी जेमतेम चार घास खाल्ले, निम्मा डबा उरला. टाकवेना. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवून सिंकमध्ये रोवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खळखळून उकळून वाढलं. संध्याकाळपर्यंत दोघे जण आडवे झाले. उकळलं की सगळं निर्धोक होतं असं मला तेव्हा वाटत असे. तसं नसतं. काही जंतू मरतात, पण उबेत वाढताना त्यांनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. पुढचे दोन दिवस पाच जणांचे पहारे तिघांनी केले, आणि झोप नसलेल्या माणसाच्या हाती सुकाणू देणं हे बिघडलेल्या अन्नाहूनही धोक्याचं. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळते: एक डबा, एक जेवण, उरलं काही नाही.

चौघांसाठी हे माप फार सोपं आहे. ३०० ते ४०० ग्रॅमचा डबा भात, पास्ता किंवा बटाट्याबरोबर एका वेळी संपतो. माणशी ७५ ते १०० ग्रॅम मांस येतं. कोणी आजारी असेल त्या दिवसासाठी २०० ग्रॅमच्या आसपासचे चार-पाच लहान डबे वेगळे ठेवा. वजन बघताना डब्यावरचा मोठा आकडा बघू नका. ‘निथळलेलं वजन’ किंवा ‘ड्रेन्ड वेट’ असा लहान अक्षरातला आकडा असतो, तो बघा. पाण्यातल्या कोंबडीच्या डब्यात या दोन आकड्यांमध्ये मोठा फरक निघतो.

मोठ्या डब्यांमध्ये आणखी एक फसगत असते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. डबा दिसला की आपण समजतो, हा बाहेर टिकणार. हॅमच्या, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीच्या, मोठ्या डब्यांचं तसं नसतं. तेवढा मोठा तुकडा पूर्ण निर्जंतुक करायचा तर बाहेरचा भाग शिजून लगदा होईल, म्हणून त्यातले कितीतरी डबे कमी उष्णतेवर नुसते पाश्चराइज केलेले असतात आणि त्यांच्यावर ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं छापलेलं असतं. शेजारच्या फळीवरच्या लहान डब्यावर ते नसतं. प्रत्येक डबा हातात घेऊन फिरवून वाचा. शंका आली तर परत ठेवा.

मोठ्या डब्याने खलाशांचा घात करण्याची गोष्ट तर फार जुनी आहे. निकोला अपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न बंद करून उकळायची रीत १८१० साली जाहीर केली, त्याच वर्षी पीटर ड्युरंडने टिनच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि काही वर्षांतच असे डबे जहाजांवर पोचले. जंतूंचं शास्त्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे स्टीफन गोल्डनर नावाच्या पुरवठादाराने ब्रिटिश नौदलाला मांसाचे डबे पुरवले आणि १८५२ साली इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या कोठारात ते उघडून तपासले, तेव्हा त्यातल्या बहुतेकांमधलं मांस सडलेलं निघालं. डबे मोठमोठे होते आणि उष्णता त्यांच्या गाभ्यापर्यंत पोचतच नव्हती. आज कारखान्यात डब्याच्या अगदी मधोमध १२१ अंशांची उष्णता पुरेसा वेळ टिकली की नाही हे मोजलं जातं, कारण बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंची बीजं साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यामुळे गोल्डनरची चूक आता होत नाही. पण डब्याचा आकार आणि त्याच्या पोटातली सुरक्षितता यांचं नातं तेव्हापासूनचं आहे, आणि बोटीवर ते डबा उघडल्यावर पुन्हा समोर येतं.

आता मांस कोणतं. माझी पहिली पसंती खिम्याला. डबाबंद खिमा दिसायला काही खास नसतो, पण तो कशातही मिसळतो, लवकर गरम होतो आणि बोट कितीही डोलत असली तरी वाटीतून चमच्याने खाता येतो. ज्या समुद्रावर काटा-सुरी धरता येत नाही, तिथे हे शेवटचं फार मोलाचं ठरतं.

कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवून डब्यात भरलेलं गोमांस, दुसऱ्या क्रमांकावर. ते घट्ट, पोटभरीचं आणि वर्षानुवर्षं टिकणारं असतं. कांदा-बटाट्याबरोबर तव्यावर परतलं की दमलेली माणसं उठून येतात. मात्र उष्ण हवेत त्यातली चरबी वितळते आणि डब्यातून वडी निघण्याऐवजी गोळा निघतो. म्हणून ज्या दिवशी वापरायचं त्या दिवशी सकाळीच डबा पाण्याच्या रेषेखालच्या कप्प्यात, बोटीच्या कवचाला टेकवून ठेवा. तिथे तो समुद्राइतका गार होतो आणि सुरीने काप पडतात.

रश्शातलं मांस घेताना घटकांची यादी वाचा. मांसाचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असतं. ते निम्म्याहून कमी असेल तर तुम्ही पिठाची खळ आणि पाणी वाहून नेताय. मोठाले तुकडे आणि थोडा रस असलेला डबा महाग पडला तरी घ्या. कोंबडी पाण्यातली घ्या आणि ते पाणी फेकू नका, त्यात भात शिजवा. लंचन मीट, म्हणजे बारीक करून डब्यात दाबून शिजवलेलं मांस, मला स्वतःला फार आवडत नाही, पण पहिल्या वादळानंतर भुकेल्या तरुणांनी त्याचे खरपूस काप मिटक्या मारत खाल्लेले मी पाहिलेत, म्हणून तीन-चार डबे नेते. त्यात मीठ बरंच असतं. मीठ खाल्लं की तहान लागते, आणि बोटीवर प्यायचं पाणी मोजून असतं, त्यामुळे सलग दोन दिवस ते वाढू नका. डबाबंद सॉसेज मऊ आणि बेचव असतात; ती जागा खिम्याला द्या. बदकाच्या चरबीत शिजवलेलं बदक डब्यात मिळतं. एखादा डबा अर्ध्या वाटेच्या दिवसासाठी लपवून ठेवा.

किती? पहिले तीन दिवस पोटं डचमळत असतात आणि तळलेल्या मांसाचा वास कोणाला सोसत नाही, तेव्हा साधं, फिकं खा. आठवडा संपेपर्यंत फ्रीजमधलं ताजं मांस पुरेल. राहिले चौदा दिवस. रोज एक डबा धरला तर चौदा, त्यातले चार माशांचे. वारा पडला, शीड फाटलं, तर प्रवास लांबतो, म्हणून निम्मे आणखी: एकूण एकवीस. दुपारच्या जेवणासाठी दीड-दोन किलो सुकवलेलं सॉसेज, त्याबद्दल खाली सलामीच्या प्रश्नात लिहिलं आहे. खरेदीआधी चौघांना विचारा, कोण काय खात नाही. एखादा डुकराचं मांस टाळत असेल, तर कोंबडीच्या डब्यातही डुकरापासून केलेलं जिलेटिन किंवा चरबी आहे का हे बघावं लागतं.

एक काम मात्र खरेदीच्या आधी कराच. जो डबा न्यायचा आहे त्याचा एकेक नमुना आणा आणि घरी शिजवून खा. ताजं काही न घालता, एकाच शेगडीवर, बोटीवर जे असणार तेवढंच वापरून. आणि तोच पदार्थ दुसऱ्या दिवशी परत खा. एका सफरीत आम्ही न चाखता एकाच प्रकारचे चोवीस डबे घेतले होते. पाचव्या डब्याला लोक गप्प बसून खायला लागले, नवव्याला भूक नाही म्हणायला लागले. उपाशी माणूस थंडीने लवकर गारठतो, चिडतो, चुका करतो. मांस कितीही टिकाऊ असो, पोटात जात नसेल तर ते बोटीवरचं ओझं आहे. चार-पाच प्रकार आलटून पालटून ठेवा.

शिजवतानाही एक लक्षात असू द्या. डब्यातलं मांस आधीच पूर्ण शिजलेलं असतं. सुरुवातीला घालून ढवळत राहिलात तर त्याचे धागे होतात. आधी बाकीचं सगळं शिजवा, मांस शेवटच्या पाच मिनिटांत घाला आणि हलक्या हाताने खालवर करा. गॅसही वाचतो.

प्रश्न : डबे बोटीच्या तळाशी रचायचे असं ठरवलं आहे, वजन खाली राहिलेलं बरं म्हणून. गंज लागू नये यासाठी काय करावं? कागदी लेबलं काढून टाकतात असं ऐकलं, ते कशासाठी?

उत्तर : वजन खाली, हे बरोबरच. पण अगदी तळाला, बिल्जमध्ये पाणी साचतं आणि ते खारट असतं. डबा तिथे ठेवायचाच असेल तर कोरडा पुसून, झाकणबंद प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. ओल्या तळात कागदी लेबलं सुटतात, त्यांचा लगदा होतो आणि तो पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. पाणी उपसायची गरज पडते ती नेमकी वाईट हवेत, आणि त्याच वेळी पंप कोंडतो. लेबलं काढायची ती त्यासाठी.

लेबल काढायच्या आधी पुसल्या न जाणाऱ्या शाईने झाकणावर आणि बाजूवर दोन्हीकडे लिहा: काय आहे, किती आहे, कोणत्या महिन्यापर्यंत. झाकणावरचं लिखाण रचलेल्या डब्यांत दिसतं, बाजूवरचं गंज लागला तरी उरतं. काही जण वरून व्हार्निशचा पातळ हात देतात. वर्षभराच्या प्रवासाला ते उपयोगी आहे, तीन आठवड्यांना कोरडी पेटी पुरे.

काढलेली लेबलं फेकू नका, प्रत्येक प्रकाराचं एक पाकिटात घालून ठेवा. ज्या देशात उतरणार तिथे मांसाची तपासणी होऊ शकते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबतीत फार कडक आहेत. कोणत्या प्राण्याचं मांस आणि ते कुठे बनलं हे दाखवता आलं नाही, तर ते जप्त होतं. खरं तर प्रवासाच्या शेवटी खायचे ठरवलेले पाच-सहा डबे लेबलासकटच कोरड्या कप्प्यात ठेवावेत.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. डबे पोलादी असतात. होकायंत्राच्या जवळच्या कप्प्यात वीस डबे रचले, तर त्याची सुई ढळते. स्वयंचलित सुकाणूचा दिशादर्शक संवेदक तर बऱ्याचदा एखाद्या बाकाखाली किंवा कपाटात दडलेला असतो, त्याच्या शेजारी डबे गेल्याचं कोणाच्या ध्यानातही येत नाही. सामान भरण्याआधी तो कुठे आहे ते शोधा आणि तिथून डबे लांब ठेवा. सामान भरून झाल्यावर माहितीच्या खुणेशी होकायंत्र ताडून बघा.

इंजिनशेजारचा कप्पाही नको. निर्जंतुक डबासुद्धा सतत ३५-४० अंशांच्या वर तापत राहिला, तर आतलं मांस लवकर उतरतं.

प्रश्न : डब्यांऐवजी पाकिटातलं मांस न्यावं का? वजन कमी आणि कॅन ओपनरही लागत नाही.

उत्तर : रिटॉर्ट पाकिटं मला आवडतात. डब्यासारखीच उष्णता देऊन ती निर्जंतुक केलेली असतात, पण चपटी असल्यामुळे उष्णता लवकर आत पोचते आणि मांस कमी शिजतं. चव अनेकदा डब्याहून सरस लागते. रिकामी झाली की हातभर जागा अडवत नाहीत.

त्यांचा शत्रू म्हणजे घासणं. बोट रात्रंदिवस हलते, पाकीट शेजारच्या कडेवर रोज हजारो वेळा घासतं, आणि सुईच्या टोकाएवढं भोक पुरे होतं. म्हणून ती उभी, एकमेकांना चिकटून, मऊ कापडाचं अस्तर लावलेल्या पेटीत ठेवा, आणि वापरण्याआधी दाबून बघा. निम्मी पाकिटं, निम्मे डबे, असं मी करते. दुकानात मात्र नीट बघा: फ्रीजमध्ये ठेवायची व्हॅक्यूम पाकिटं अगदी तशीच दिसतात, आणि ती बाहेर टिकत नाहीत.

कॅन ओपनर दोन न्या, तेही साधे, हाताने फिरवायचे. ओढायच्या कडीचे डबे असले तरीही. कडी तुटते. टिनचे डबे आले तेव्हा ते छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत, पण डोलत्या बोटीत ती वेळ कोणावर येऊ नये.

प्रश्न : सलामी, सुकवलेलं मांस आणि बेकन फ्रीजशिवाय किती दिवस टिकतात? आणि सलामीवर पांढरी बुरशी आली तर फेकून द्यायची का?

उत्तर : सगळ्या सलामी सारख्या नसतात, म्हणून दिवस सांगण्याआधी प्रकार ओळखा. दुकानात ती कुठे ठेवली होती हे बघा. फ्रीजबाहेर टांगलेली, अख्खी, कडक, हवेवर वाळवलेली असेल, तर बोटीवरही ती बाहेर आठवड्यानुआठवडे टिकते. मीठ आणि वाळवण यांनी तिच्यातलं पाणी इतकं बांधून टाकलेलं असतं की जंतूंना ते मिळत नाही. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी, शिजवलेली किंवा काप करून विकलेली सलामी फ्रीजमधलीच. ती पहिल्या आठवड्यात संपवा.

अख्खं सॉसेज लहान जाडीचं घ्या, दोन दिवसांत संपेल असं. हवा खेळती असेल अशा सावलीत, सुती कापडात किंवा जाळीत टांगा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर त्याला घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सालीवरची पावडरीसारखी पांढरी बुरशी चालते, ती बहुतेक वेळा मुद्दाम धरवलेली असते. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून साल काढा. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी, चिकटपणा, आंबूस वास यांतलं काहीही दिसलं, की समुद्रात.

बेकनच्या बाबतीत जुन्या खलाशांच्या आठवणींवर जाऊ नका. त्यांचं बेकन कोरड्या मिठात आठवडेच्या आठवडे मुरलेलं असे. आज पाकिटात मिळतं त्यात बहुधा खारं पाणी टोचलेलं असतं आणि त्याला फ्रीज लागतोच. बेकनची चव हवीच असेल तर ते डब्यात मिळतं, ते घ्या.

मांसाचे वाळवलेले काप घरी करणार असाल तर आधी मांस आतून ७१ अंशांपर्यंत तापवा, कोंबडी ७४ पर्यंत, आणि मगच वाळवा. नुसत्या कोमट हवेत वाळवलेल्या मांसात जंतू वाळून जिवंत राहतात. चरबी कसोशीने काढा. मांस वाळतं, चरबी वाळत नाही, ती खवट होते.

प्रश्न : माझी आई काचेच्या बरण्यांत मटण भरून, मोठ्या पातेल्यात तीन तास उकळून देणार आहे. घरचं, निगुतीने केलेलं अन्न कारखान्यापेक्षा चांगलंच असणार ना?

उत्तर : तुमच्या आईंचा हात चांगला असणार आणि त्यामागची माया मला पत्रातूनही कळते. तरीही या बरण्या नेऊ नका.

उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, मग तीन तास उकळा नाहीतर सहा. बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं त्यातूनही जगू शकतात. लोणच्यात किंवा आंबट फळांत ती वाढत नाहीत, कारण तिथे आम्लता असते. मांसात आम्लता नाही आणि बंद बरणीत हवा नाही. त्यांना हवं तेच घर. त्यांचं विष अनेकदा वासाने, रंगाने किंवा चवीने ओळखू येत नाही. त्यातून दिसणं दुहेरी होतं, गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. जमिनीपासून हजार मैलांवर त्याच्यावर इलाज नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तुम्हाला सुखरूप परत आलेलं बघायचं आहे म्हणून लिहिते.

बरण्या भरण्यासाठी खास बनवलेला, दाब दाखवणारा मोठा प्रेशर कॅनर मिळतो. त्यात तपासून ठरवलेल्या वेळा असतात: अर्ध्या लिटरच्या आसपासच्या बरणीतल्या मांसाला ७५ मिनिटं, लिटरच्या बरणीला ९० मिनिटं, तीही पूर्ण दाब चढल्यापासून मोजायची, आणि समुद्रसपाटीपासून उंचीवर राहत असाल तर दाब वाढवायचा. तो शिकून, त्याच्या पुस्तिकेप्रमाणे आईंनी बरण्या भरल्या तर जरूर न्या, प्रत्येक बरणी जाड मोज्यात घालून. रोजच्या स्वयंपाकाचा कुकर त्याची जागा घेत नाही. तो लवकर तापतो, लवकर निवतो आणि वेळेचा हिशेब चुकतो. नाहीतर आईंना मसाला करून द्यायला सांगा. कोरडा, भाजून दळलेला, तुम्हाला घरची आठवण देणारा. खिम्याच्या डब्यात तो पडला की डबा त्यांच्याच हातचा लागतो, मी हे करून पाहिलं आहे.

प्रश्न : डबा थोडा चेपला असेल तर खावा का? फुगलेला असेल आणि उकळून घेतला तर?

उत्तर : फुगलेला, गळणारा, उघडताना फसकन फवारा उडवणारा डबा चाखूनही बघायचा नाही. उकळायचाही नाही.

चेपलेल्या डब्यात चेप कुठे आहे ते बघा. पोटावर गुळगुळीत खळगा असेल तर हरकत नाही, तो आधी संपवा. वरच्या किंवा खालच्या कडेच्या दुमडीवर, किंवा उभ्या सांध्यावर चेप असेल तर नको. या सांध्यांना न दिसणारी फट पडू शकते. १९६४ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात टायफॉइडची साथ आली आणि चारशेहून जास्त माणसं आजारी पडली. तिचा माग कॉर्न्ड बीफच्या एका डब्यापर्यंत गेला. तो डबा तापवून झाल्यावर नदीच्या शुद्ध न केलेल्या पाण्यात थंड केलेला होता. तापलेला डबा निवताना आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. एवढीशी फट, आणि एका शहराला महिना भोगावं लागलं. म्हणून दुकानातच प्रत्येक डब्याच्या कडेवरून बोट फिरवा. गंज पुसून जात असेल तर डबा चालेल. नखाने खरवडल्यावर खड्डा लागला तर नाही.

प्रश्न : रिकामे डबे समुद्रात टाकले तर चालतात का? शेवटी लोखंडच ना, गंजून जाईल.

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून जहाजांवरून आणि लहान बोटींवरूनही डबे समुद्रात टाकायला बंदी आहे, किनाऱ्यापासून कितीही लांब असलात तरी. प्लास्टिकला तर त्याआधीपासूनच. डब्याला आतून प्लास्टिकचा लेप असतो, तोही मागे उरतो. डबा समुद्राच्या पाण्याने दोनदा धुवा, दोन्ही झाकणं कापून आत घाला, पायाने चपटा करा. न धुतलेले डबे उन्हात दोन दिवसांत असे घाण मारतात की मांस खाण्याची इच्छाच मरते. एकवीस चपटे डबे एका मध्यम पिशवीत मावतात.

प्रश्न : रात्रीच्या पहाऱ्यावर डबा न तापवता तसाच खाल्ला तर चालेल?

उत्तर : चालेल, मांस शिजलेलंच असतं. थंड रात्री गरम हवं असेल तर बंद डबा शेगडीवर कधीही ठेवू नका, तो फुटतो. उघडून पातेल्यात काढा, किंवा उघडा डबा उकळत्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा. कॉर्न्ड बीफच्या किल्लीच्या डब्याची सुटलेली पट्टी पात्यासारखी धारदार असते, आणि अंधारात, डोलत्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, हात कापला तर टाके घालायला कोणी नसतं. म्हणून हे डबे संध्याकाळचा उजेड असतानाच उघडावेत, आणि पहाऱ्यावरच्या माणसासाठी त्याच्या वाट्याचं झाकणाच्या वाटीत काढून ठेवावं. थंडीच्या रात्री ते दोन तासांत संपवायचं, आणि ज्याचा पहारा आहे त्याला, बाकीच्यांनी झोपायच्या आधीच, ते कुठे ठेवलंय हे सांगून ठेवायचं.